थांबून राहिलेल्याची बाजू

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: 38 वर्षांच्या, विवाहित आणि नोकरी करणाऱ्या एका वाचक महिलेचे पत्र आले आहे. गेले दीड वर्ष त्या मोबाइलवरील एका ॲपवर क्रमशः प्रसिद्ध होणारी प्रेमकथा वाचत आहेत. आठवड्यातून दोनदा नवा भाग येतो आणि आतापर्यंत 143 भाग झाले आहेत. नायिकेच्या आयुष्यात दोन पुरुष आहेत. एक पूर्वी तिला सोडून गेलेला आणि आता परत आलेला प्रियकर, तर दुसरा त्या सगळ्या काळात तिच्या आसपास राहून तिला सांभाळणारा मित्र. अलीकडच्या भागात नायिकेने परत आलेल्या प्रियकराचा हात धरला. त्या लिहितात, ‘तो भाग वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर असताना डोळे भरून येत होते. रागाच्या भरात मी लेखिकेला प्रतिक्रियेत लिहिले की तुम्हाला प्रेम म्हणजे काय ते कळत नाही, लिहिणे बंद करा. आता त्याची लाज वाटते. नवऱ्याला सांगितले तर तो हसला आणि म्हणाला, अगं, गोष्ट आहे ती. या वयात एका काल्पनिक माणसासाठी रडणे बरे नव्हे ना? माझ्या संसारात काही कमी आहे म्हणून असे होत असेल का? वाचणे सोडून द्यावे का?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. तुम्ही शेवटी जे तीन प्रश्न विचारले आहेत, त्यांची उत्तरे मला पत्राच्या मधल्या भागात सापडली असे वाटते. मात्र तिथे जाण्याआधी तुमच्या मनावरचे एक ओझे उतरवायला हवे.

गोष्ट काल्पनिक आहे, म्हणून तिच्यामुळे झालेले दुःखही खोटे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. नायक कल्पनेतला असला तरी त्याच्यासाठी जागलेली रात्र तुमच्या आयुष्यातलीच होती. दीड वर्षात तुम्ही या माणसांना 143 वेळा भेटलात. सख्ख्या नातेवाइकांपैकी किती जणांना आपण इतक्या नियमाने भेटतो, आणि भेटलो तरी त्यांच्या मनात काय चालले आहे हे इतके आतून आपल्याला कुठे कळते? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्ये अशा एकतर्फी जवळिकीवर एक लेख लिहिला होता. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर नेहमी भेटणाऱ्या व्यक्तींबद्दल प्रेक्षकांना खऱ्या ओळखीसारखा जिव्हाळा कसा वाटू लागतो, याचे वर्णन त्यांनी त्यात केले. पुढच्या अभ्यासकांनी तोच विचार कथेतल्या पात्रांनाही लावला. तेव्हा तुमच्या वाट्याला आलेला अनुभव पुष्कळांचा आहे. कोरियन मालिकांच्या प्रेक्षकांनी तर तुमच्या दुखण्याला नावच देऊन ठेवले आहे. नायिका ज्याची होणार नाही हे दिसत असते, त्याच दुसऱ्या पुरुषावर जीव जडण्याला ते ‘सेकंड लीड सिंड्रोम’ म्हणतात.

हे दुखणे मोबाइलमुळे आलेले नाही, याचा एक जुना दाखला मला फार आवडतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांची एक कादंबरी सप्टेंबर 1862 ते एप्रिल 1864 या काळात एका मासिकातून दरमहा प्रसिद्ध होत होती. तिच्यातल्या लिली डेल या तरुणीचे लग्न एका महत्त्वाकांक्षी माणसाशी ठरते आणि तो तिला सोडून एका उमरावाच्या मुलीशी लग्न करतो. जॉनी ईम्स हा लहानपणापासूनचा मित्र, सरकारी कचेरीतला कारकून, लिलीवर मनापासून प्रेम करत असतो. आता ती जॉनीला हो म्हणेल, अशी वाचकांची खात्री होती. ती म्हणाली नाही. काही वर्षांनी पुढच्या एका कादंबरीत लेखकाने तिला पुन्हा संधी दिली, तरीही ती म्हणाली नाही. लिलीचे जॉनीशी लग्न लावून द्या, अशी विनंती करणारी पत्रे आपल्याला वर्षानुवर्षे येत राहिली, असे ट्रोलप यांनी त्यांच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यावरचे त्यांचे म्हणणे मला मोलाचे वाटते. ते लग्न लावून दिले असते, तर लिली या वाचकांना पत्र लिहिण्याइतकी प्रिय झालीच नसती, असे ते सांगतात. आपले दुःख तिला ओलांडता आले नाही, म्हणूनच वाचकांनी तिच्यावर जीव लावला.

तुम्ही ज्या कथेत गुंतला आहात, तिची बांधणीही समजून घ्या. क्रमशः चालणाऱ्या प्रेमकथेत दोन्ही पुरुषांची शक्यता जिवंत ठेवावी लागते. एकाचे पारडे उघडपणे जड झाले की वाचकाला पुढच्या भागाची ओढ राहत नाही. त्यामुळे परत आलेला प्रियकर जवळ येऊ लागला की पुढच्याच भागात मित्राची एखादी हळवी कृती येते, आणि नायिका मित्राकडे वळतेसे वाटले की फोन वाजतो. भागही नेमका अशा ठिकाणी थांबतो, जिथे थांबणे सर्वांत अवघड असते. सलग वाचलेल्या कादंबरीत हेच दुःख एका संध्याकाळपुरते असते. तुमच्या बाबतीत मात्र प्रत्येक भागानंतर तीन-चार दिवसांची पोकळी येते, आणि त्या पोकळीत कथा तुमच्या मनात चालूच राहते. तिथे तुम्ही मित्राच्या बाजूने वकिली करता, नायिकेला समजावता, पुढचे प्रसंग रचता. म्हणजे 143 भाग लेखिकेने लिहिले असले, तरी मधले तितकेच भाग तुम्ही लिहिले आहेत, आणि तुमच्या भागांत नायिका कुणाला निवडते हे केव्हाच ठरले होते. मग 143वा भाग वाचताना फसवणूक झाल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

आता पेन्सिलीच्या खुणांकडे येते. सोयीसाठी त्या दोघांना आपण ‘परत आलेला’ आणि ‘थांबून राहिलेला’ असे म्हणू. तुमच्या पत्रात थांबून राहिलेल्याविषयी एकवीस ओळी आहेत आणि परत आलेल्याविषयी पाच. नायिकेविषयी फक्त दोन वाक्ये आहेत, आणि दोन्हींत ती काय करत नाही एवढेच सांगितले आहे: तिला दिसत नाही, तिला किंमत नाही. एकवीसपैकी अकरा ओळी एकाच प्रसंगाच्या आहेत. 61व्या भागात नायिकेच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडतो. ती चष्मा मेजावर ठेवून बैठकीला जाते. थांबून राहिलेला खाली वाकून, फरशीवर हात फिरवत तो इवलासा स्क्रू शोधतो, नखाने बसवतो, चष्मा होता तसा ठेवतो आणि निघून जातो. ती परत येते, चष्मा डोळ्यांवर चढवते आणि दांडी सैल झाली होती हे विसरूनही जाते. हा प्रसंग सांगताना तुमचे अक्षर बदलले आहे. आधीच्या ओळी मोकळ्या आहेत. इथे त्या दाटीने, घाईने लिहिलेल्या दिसतात. आणि त्यांच्या शेवटी तुम्ही, कथेशी वरवर काही संबंध नसलेले, एक वाक्य लिहिले आहे: ‘केलेले कुणाला दिसत नाही, हे मला माहीत आहे.’

म्हणून मी तुम्हाला असे विचारते की, त्या पुरुषासारखा जोडीदार हवा म्हणून तुम्ही त्याच्यावर जीव लावलात, की त्याच्या जागी तुम्ही स्वतःला पाहता म्हणून? आपल्याला कथेतला पुरुष आवडला म्हणजे आपण मनाने नायिकेच्या जागी बसलेलो आहोत, असे सगळेच समजतात. तुम्हीही तसेच समजून संसारात कमी काय आहे ते शोधू लागलात. मला तुमच्या पत्रात नायिकेच्या जागी कुणीच दिसत नाही. तिथली जागा रिकामी आहे. तुम्ही फरशीवर वाकलेल्या त्या माणसाच्या जागी आहात. तिने त्याला निवडले असते, तर न दिसलेल्या सगळ्या कामांची एकदाची दखल घेतली गेली असती, आणि ती दखल काही अंशी तुमच्याही पदरात पडली असती. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. एका पत्रावरून माणूस ओळखल्याचा दावा मी करणार नाही. पण अंदाज बरोबर असेल, तर त्या रात्रीचे रडणे एकट्या काल्पनिक माणसासाठी नव्हते.

हे मान्य केले तरी नायिकेवरचा तुमचा राग उरतोच, आणि त्याविषयी मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. तिला दिसत नाही, असे तुम्ही म्हणता. स्क्रू बसवताना ती त्या खोलीत नव्हती, तुम्ही होता. लेखिकेने तुम्हाला अशा कितीतरी खोल्यांत नेले आहे, जिथे नायिकेला प्रवेशच नव्हता. तुम्हाला त्याचे रात्रीचे जागणे माहीत आहे, त्याने लिहून फाडलेली पत्रे माहीत आहेत. तिला फक्त एवढे माहीत आहे की आपला एक चांगला मित्र आहे. तुमच्याच पत्राप्रमाणे 143 भागांत त्याने तिला एकदाही मनातले सांगितलेले नाही. जो प्रश्न तिला कधी विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर चुकवल्याचा दोष तिला कसा देता येईल? त्याचे प्रेम खोटे आहे असे मी म्हणत नाही. मात्र गुपचूप केलेली सेवा साठत गेली की तिच्यातून आपोआप हक्क निर्माण होतो, हे मला पटत नाही. तो इतका थांबला, म्हणून ती त्याला मिळालीच पाहिजे, या वाक्यात नायिकेच्या इच्छेला जागा कुठे आहे? खऱ्या आयुष्यात एखाद्या मुलीला कुणी असे म्हणाले, तर तुम्ही तिच्याच बाजूने उभ्या राहाल, याबद्दल मला शंका नाही.

एक शक्यता मात्र तुमच्या बाजूची आहे. लेखिकेनेच गफलत केली असेल, तर तुमचा राग रास्त ठरतो. याची परीक्षा करता येते. मागचे दहाएक भाग पुन्हा वाचा आणि या वेळी दोन्ही पुरुषांकडे लक्ष न देता केवळ नायिकेकडे पाहा. कुणासमोर ती सविस्तर बोलते, कुणासमोर वाक्य अर्धे सोडते, कुणाजवळ तिला राग व्यक्त करता येतो, एकटी असताना तिला कोण आठवते, हे टिपा. तिचा निर्णय या खुणांतून उगवत असेल, तर लेखिकेने तो तुमच्यापासून लपवलेला नव्हता. तुमची नजर दुसरीकडे होती. तो कशातूनच उगवत नसेल आणि केवळ धक्का देण्यासाठी आणलेला असेल, तर ती लेखनातली उणीव आहे आणि ती तशी सांगण्याचा वाचक म्हणून तुम्हाला अधिकार आहे. परत आलेला पुरुष नायिकेवर पाळत ठेवतो, तिचा अपमान करतो किंवा तिच्या नकाराला जुमानत नाही, आणि कथा त्यालाच उत्कट प्रेम म्हणत असेल, तरीही तुमचा राग योग्य आहे. तसे काही तुमच्या पत्रात मला आढळले नाही. तो पूर्वी सोडून गेला होता, त्याचे कारण त्याने सांगितले आहे आणि क्षमाही मागितली आहे, असे तुम्हीच लिहिता.

आता त्या प्रतिक्रियेविषयी. ती आजच काढून टाका. लेखिकेच्या कथेबद्दल बोलणे वेगळे आणि तिने लिहिणे बंद करावे असे तिला सांगणे वेगळे, हे तुम्हाला कळते, म्हणूनच लाज वाटते आहे. काढून टाकून गप्प बसण्यापेक्षा त्या जागी दोन ओळी लिहा: मागच्या भागाने मी फार दुखावले गेले आणि रागात जे लिहिले ते लिहायला नको होते, 61व्या भागातला चष्म्याचा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. लांबलचक माफीनामा नको आणि पुढे कथा कशी वळवावी याची सूचनाही नको. वाचकांच्या आग्रहापुढे न झुकण्याचा हक्क लेखकाला असतो. अमेरिकी लेखिका लुईसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीचा पहिला भाग 1868 मध्ये आला, तेव्हा मुलींची पत्रे येऊ लागली की कोणाचे कोणाशी लग्न होणार ते सांगा. कुणाला खूश करण्यासाठी आपण नायिका ‘जो’ हिचे तिचा मित्र लॉरी याच्याशी लग्न लावणार नाही, अशी नोंद त्यांनी त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला रोजनिशीत केली, आणि 1869च्या दुसऱ्या भागात त्या शब्दाला जागल्या. त्या निर्णयावर वाचक आजही हळहळतात. ती हळहळ आणि ते पुस्तक, दोन्ही टिकून आहेत.

वाचणे सोडावे का, याचे उत्तर मी हो किंवा नाही असे देणार नाही. सध्या एवढे करून पाहा. नवा भाग आला की लगेच उघडायचा नाही. पाच-सहा भाग साठू द्यायचे आणि सुटीच्या दिवशी, उजेडी सलग वाचायचे. रात्री अंथरुणात तर मुळीच नाही, कारण दुखावलेले मन शांत करायला तेव्हा हाताशी कुणी नसते. ॲपच्या सूचना बंद करा. प्रतिक्रियांचा रकाना महिनाभर उघडू नका. तिथे दोन्ही पुरुषांचे पक्ष पडलेले असतात, आणि पक्षात शिरले की आपल्या भावनेला दुसऱ्यांच्या संतापाची जोड मिळते. मनात जे प्रसंग रचले जातात ते वहीत लिहून काढा. थांबून राहिलेला पहिल्यांदा तोंड उघडून तिला काय सांगतो, तो भाग तुम्ही लिहावा असे मला फार वाटते. आणि हे सगळे करूनही कथा जड वाटली, तर अर्ध्यावर सोडण्यात अपराध नाही. दीड वर्ष वाचली म्हणून शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे, असा करार तुम्ही कुणाशी केलेला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी, आणि ती तुमच्याबरोबर इतर वाचकांसाठीही आहे. एका रात्रीची झोप जाणे, दोन-चार दिवस डोळे भरून येणे, यात काळजीचे कारण नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, काम हातून होत नसेल, जिवंत माणसांशी बोलण्यात रस उरला नसेल, तर कथेला दोष देत बसू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. आधीच साचलेले दुःख अशा वेळी कथेच्या वाटेने बाहेर पडत असते.

राहिला तुमचा मधला प्रश्न, संसारात काही कमी आहे का. परत आलेल्या आणि थांबून राहिलेल्या या दोघांशी नवऱ्याची तुलना करू नका; ज्याची प्रत्येक कृती कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेली आहे, त्याच्याशी कोणत्याही हाडामांसाच्या माणसाची बरोबरी होणार नाही. तुम्ही स्वतः किती वेळा न सांगता स्क्रू बसवून निघून गेलात, तेवढे मात्र आठवून पाहा. घरातल्या कुणाची औषधे संपत आली हे ओळखून ती आणून ठेवणे, कुणाचा तरी मानाचा प्रश्न होऊ नये म्हणून स्वतःचे बोलणे गिळणे, अशी कामे तुमच्या पत्रात ओझरती आली आहेत. त्यांपैकी किती तुमच्या नवऱ्याला खरोखर माहीत आहेत? नायिकेबद्दल जे मी म्हणाले, तेच इथे लागू होईल का, हे तुम्हीच तपासा. त्यांना सगळे दिसत असूनही ते दुर्लक्ष करत असतील, तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, आणि त्यावर मला पुन्हा लिहा. पण त्या खोलीत त्यांना तुम्ही कधी बोलावलेच नसेल, तर त्यांचे हसणे अज्ञानातले आहे. ‘गोष्ट आहे ती’ या उत्तराने तुम्ही दुखावलात हे मला समजते. पण त्यांच्यासमोर तुम्ही गोष्टच ठेवली होती, स्वतःला ठेवले नव्हते.

म्हणून एखाद्या निवांत वेळी त्यांना तो भाग वाचून दाखवा. 143वा नको, त्यावर पुन्हा कोण बरोबर आणि कोण चूक याचाच वाद होईल. 61वा वाचा, चष्म्याचा. वाचून झाल्यावर लगेच काही समजावू नका. त्यांनी विचारले की यात रडण्यासारखे काय आहे, तर पत्राच्या मधल्या भागात मला लिहिलेले ते एक वाक्य त्यांना सांगा, आणि मग तुम्ही केलेले, पण त्यांना माहीत नसलेले, एखादे अगदी लहानसे काम नाव घेऊन सांगा.